बॉनेटखाली काय आहे? इंजिन समजून घेणाऱ्या स्त्रियांची गोष्ट



आजच्या विषयाची सुरुवात मी एका स्कूटरपासून करणार आहे. ज्यांचे केस पांढरे झालेत, त्यांना बजाज चेतक आठवत असेल. १९७२ साली बाजारात आली, आणि आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांत ती जवळजवळ घरातली एक व्यक्तीच होती. तर ही चेतक पावसाळ्यात सकाळी हमखास रुसायची. बाबा किक मारून मारून दमायचे. मग ते काय करायचे? स्कूटर एका अंगावर चांगली तिरकी करायचे, दोन-चार क्षण तशीच धरून ठेवायचे, परत उभी करायचे आणि किक मारायचे. आणि ती चक्क सुरू व्हायची! तुमच्यातले कितीतरी जण माना डोलवतायत, म्हणजे हा प्रयोग घरोघरी होत होता.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मी बाबांना विचारलं, "बाबा, तिरकी केली की का सुरू होते?" बाबा म्हणाले, "होते. सगळे तसंच करतात." विषय संपला. पण गाडी गॅरेजला न्यायची असली की माझ्या धाकट्या भावाला मागे बसवून न्यायचे. त्यानं कधी काही विचारलं नव्हतं. त्याला नेलं जायचं, आणि मला उत्तर मिळत नव्हतं. बाबा फार प्रेमळ होते, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पद्धतच तशी होती. म्हणूनच ही गोष्ट इतिहासाची आहे.

त्या प्रश्नाचं उत्तर मी आज देणार आहे, पण व्याख्यानाच्या मध्यावर. कारण ते उत्तर समजलं की १९४१ सालच्या इंग्लंडमधल्या लढाऊ विमानांचं एक मोठं कोडं आपल्याला आपोआप समजणार आहे.

आपल्याकडे एक वाक्य सहज बोललं जातं, "बायकांना यंत्रात रस नसतो." मोटारीचा इतिहास वाचत गेलं की या वाक्याची पंचाईत होते. रस असलेल्या बायका पहिल्या मोटारीपासून दिसतात. कमी दिसतं ते वर्कशॉपचं उघडं दार. म्हणून आज मी ज्या स्त्रियांबद्दल बोलणार आहे, त्या प्रत्येकीच्या बाबतीत एकच प्रश्न विचारणार आहे : हिला वर्कशॉपचं दार कुणी उघडलं?

आधी इंजिन

त्याआधी दोन मिनिटं इंजिनाकडे. घाबरू नका, गणित नाही.

सायकलचा पंप आठवा. नळी आणि तिच्यात वरखाली सरकणारा दट्ट्या. मोटारीच्या इंजिनात अशीच एक भक्कम नळी असते, तिला सिलिंडर म्हणतात, आणि दट्ट्याला पिस्टन. पिस्टन खाली जातो तेव्हा हवा आणि पेट्रोलच्या वाफेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन वर येतो, ते मिश्रण दाबलं जातं. मग प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण पेटतं, वायू फुगतो आणि पिस्टनला जोरात खाली ढकलतो. ही एकच फेरी आपल्याला ताकद देते. पिस्टन पुन्हा वर येतो तेव्हा जळका धूर बाहेर. ओढा, दाबा, पेटवा, बाहेर टाका. चार टप्पे, म्हणून फोर-स्ट्रोक.

यात ग्यानबाची मेख कुठे आहे? मिश्रणात. चुलीला हवा कमी पडली तर धूर होतो, लाकूड कमी पडलं तर जाळ विझतो. तसंच पेट्रोल कमी झालं तर इंजिन आचके देतं, पेट्रोल जास्त झालं तर काळा धूर ओकतं आणि गुदमरून बंद पडतं. हवा आणि पेट्रोल यांचं माप राखणारा जो भाग, तो कार्ब्युरेटर. आपल्या गॅरेजवाल्यांच्या भाषेत कार्बोरेटर. "ताई, कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. हा भाग लक्षात ठेवा. तो पुढे येणार आहे.

मानहाइम ते फोर्झहाइम

१८८६ च्या जानेवारीत जर्मनीत कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. हे शाळेतल्या पुस्तकातही असतं. पुस्तकात सहसा नसतं ते हे, की त्यांच्या धंद्यात सुरुवातीला जो पैसा होता त्यात त्यांच्या पत्नीचा, बेर्टा बेंझ यांचा, हुंड्याचा पैसा होता. लग्नाच्या आधीच त्यांनी तो कार्लच्या कारखान्यात घालायला लावला होता.

गाडी तयार झाली, पण लोक विकत घेईनात. घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीवर कोण विश्वास ठेवणार? तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ सकाळी लवकर उठल्या, ऑयगेन आणि रिशार्ड या दोन मुलांना बरोबर घेतलं, आणि नवऱ्याला न सांगता गाडी घेऊन माहेरी निघाल्या. मानहाइमपासून फोर्झहाइमपर्यंत, शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. तोपर्यंत कुणीही मोटारीनं इतका लांबचा प्रवास केलेला नव्हता. पेट्रोल पंप नावाची गोष्ट जगात नव्हती. त्यांनी वाटेत वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून लिग्रोइन नावाचं द्रावण घेतलं. ते तेव्हा डाग काढायला वापरत, आणि त्यावरच ही गाडी चालायची.

वाटेत इंधनाची नळी तुंबली. त्यांनी टोपीला लावायची लांब पिन काढून ती साफ केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिला मोज्याच्या बंदानं गुंडाळून घेतलं. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडीची ताकद पुरेना, तेव्हा मुलांनी उतरून ढकलली. परत आल्यावर त्यांनी चढावरच्या या अडचणीबद्दल सांगितलं, आणि बेंझ यांनी गाडीला आणखी एक गिअर बसवला.

ही गोष्ट नेहमी "धाडसी बायको" म्हणून सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. धाडस तर होतंच. पण विचार करा, गाडी रस्त्यात बंद पडली तर नळीच तुंबली आहे हे कळायला काय लागतं? पेट्रोल कुठून येतं, कुठे जातं, ठिणगी कुठून येते, हे डोक्यात पक्कं असावं लागतं. पिन प्रत्येक बाईच्या टोपीत होती. ती कुठे घालायची, हे बेर्टाबाईंना माहीत होतं.

त्यांना दार कुणी उघडलं? त्यांचं वर्कशॉप घरातच होतं. कित्येक वर्षं इंजिन त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं. त्यांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही, म्हणून त्या शिकल्या.

"गाडी चालवा, पण आत बघू नका"

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत घरांत मोटारी आल्या, आणि एक गमतीशीर भेद तयार झाला. बाई मोटारीत बसली तर शोभा. बाईनं मोटार चालवली तर थोडी कुजबुज, पण चालतं. बाईनं बॉनेट उघडलं तर मात्र, "अगं, ड्रायव्हर आहे ना!"

या भेदावर इंग्लंडमध्ये डोरोथी लेव्हिट यांनी बोट ठेवलं. त्या नेपियर या मोटार कंपनीत सेक्रेटरी होत्या. कंपनीच्या प्रसिद्धीसाठी एखादी बाई गाडी चालवताना दिसावी म्हणून त्यांना ड्रायव्हिंग शिकवण्यात आलं. म्हणजे दार उघडलं ते जाहिरातीसाठी. पण त्या नुसत्या दिसून थांबल्या नाहीत. फ्रान्समध्ये राहून त्या मोटारीचं तंत्र शिकल्या, शर्यती जिंकल्या, आणि १९०६ साली ब्लॅकपूलला ताशी नव्वद मैलांच्या वर वेग गाठला, म्हणजे सुमारे १४६ किलोमीटर.

१९०९ साली त्यांचं "द वुमन अँड द कार" हे पुस्तक आलं. त्यात कपडे कसे घालावेत हे आहे, सीटखालच्या खणात चॉकलेट ठेवा असंही आहे. हातात एक छोटा आरसा ठेवा म्हणजे मागचं दिसेल, असा सल्ला आहे. गाड्यांना मागचं दाखवणारा आरसा बसायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण पुस्तकाचा खरा गाभा वेगळा आहे. प्लग, कार्ब्युरेटर, पेट्रोलची नळी, तेल हे सगळं त्या ओळीनं, न घाबरवता समजावून देतात. एकदा समजून घेतलं तर यात अवघड काही नाही, हा त्यांचा सूर आहे. स्वयंपाकाच्या पुस्तकात जसा ठाम आणि आपुलकीचा सूर असतो, तसाच.

आजही यूट्यूबवर गाडीची माहिती सांगणाऱ्या मुली दिसतात, तेव्हा मला लेव्हिटबाई आठवतात.

व्यक्ती म्हणजे कोण?

आता एका शब्दाची गोष्ट. डोरोथे पुलिंजर नावाची मुलगी. जन्म फ्रान्समधला, १८९४ चा. वडील मोटारींचे डिझायनर. मुलीनं कारखान्यात येऊ नये असंच त्यांचं आधी मत होतं, पण ती हटली नाही. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली इथल्या मोटार कारखान्यात ती ड्रॉइंग करायला लागली. १९१४ साली तिनं मोटार इंजिनिअरांच्या संस्थेचं सभासदत्व मागितलं. नियमात लिहिलं होतं की अमुक पात्रता असलेली "व्यक्ती" सभासद होऊ शकते. संस्थेनं अर्ज नाकारला. का? तर व्यक्ती या शब्दाचा अर्थ पुरुष असा होतो!

त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. पुरुष आघाडीवर गेले आणि ज्या कारखान्यांची दारं बंद होती ती रातोरात उघडली. दारूगोळ्याच्या कारखान्यांत लाखो बायका लेथवर उभ्या राहिल्या. ज्यांना "व्यक्ती" मानलं नव्हतं त्या डोरोथेबाई व्हिकर्स कंपनीच्या कारखान्यात हजारो कामगार स्त्रियांच्या प्रमुख झाल्या.

युद्ध संपलं. १९१९ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला की युद्धापूर्वीची पद्धत परत आणायची. अर्थ सरळ होता : बायकांनी यंत्रं सोडून घरी जायचं. हात तेच होते, कौशल्य तेच होतं, दार मात्र बंद झालं. त्याच वर्षी जून महिन्यात काही स्त्रियांनी मिळून विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी स्थापन केली. ही संस्था आजही आहे, आणि आपल्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

डोरोथेबाई मात्र हटल्या नाहीत. स्कॉटलंडमध्येच टंगलंड नावाच्या छोट्या गावी एक कारखाना होता. तिथं प्रामुख्यानं स्त्रियांना इंजिनिअरिंगची उमेदवारी करता येई. तिथून "गॅलोवे" नावाची मोटार निघाली. स्त्रियांनी स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली, आटोपशीर, हाताळायला सोपी. १९२० च्या दशकातली मंदी आली आणि तो प्रयोग थांबला. संस्थेनं त्यांना पुढे सभासद करून घेतलं खरं, पण "तू पुरुषाची नोकरी खातेस" हे ऐकून ऐकून त्या कंटाळल्या. मग त्यांनी काय केलं असेल? मोठी वाफेवरची लाँड्री काढली. कपडे धुण्याच्या कामावर कुणी म्हणणार नव्हतं की हे पुरुषाचं काम आहे! हसू येतं, पण त्या हसण्याच्या खाली काय आहे ते बघा. मोटार बांधू शकणारी इंजिनिअर, आणि तिला सुरक्षित जागा सापडली ती कपडे धुण्यात.

बिअट्रिस

आता आजच्या मुख्य नायिकेकडे येऊ. बिअट्रिस शिलिंग. जन्म ८ मार्च १९०९. हो, आठ मार्च. योगायोग म्हणा.

वडील खाटीक. घरात इंजिनिअरिंगचा गंधही नाही. या मुलीला बाहुल्यांपेक्षा मेकॅनो आवडायचं, खाऊच्या पैशांतून ती हत्यारं घ्यायची. चौदाव्या वर्षी तिनं मोटारसायकल मिळवली. नुसती चालवायला नाही. ती खोलायची, सगळे भाग पसरायचे, पुन्हा जोडायचे. मोठेपणी इंजिनिअर व्हायचं हे तेव्हाच ठरलं. पण खाटकाच्या मुलीला १९२० च्या दशकात इंजिनिअर कोण करणार?

इथं ती १९१९ ची संस्था येते. संस्थेतल्या मार्गारेट पार्ट्रिज यांचा स्वतःचा विजेच्या कामाचा धंदा होता. डेव्हन भागातल्या खेड्यांत त्या वीज आणत होत्या. त्यांनी या मुलीला हाताखाली घेतलं. बिअट्रिस भिंतींत तारा ओढायला शिकली, यंत्रं बसवायला शिकली. आणि मग पार्ट्रिजबाईंनीच तिला सांगितलं, इथंच थांबू नकोस, विद्यापीठात जा. मँचेस्टर विद्यापीठातून १९३२ साली तिनं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, मग मेकॅनिकलमध्ये एम.एस्सी. केलं, आणि एका सिलिंडरच्या इंजिनांवर संशोधन करायला लागली.

रविवारी काय करायची? शर्यती. स्वतः सुधारलेली नॉर्टन मोटारसायकल ती ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर पळवायची. तिथं ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारणाऱ्याला सोन्याचा तारा देत. १९३४ साली तिनं तो मिळवला. १९३८ मध्ये जॉर्ज नेलर यांच्याशी तिनं लग्न केलं. असं सांगतात की "तूही शंभरचा तारा मिळव, मग लग्न" अशी तिची अट होती. खरंखोटं देव जाणे, पण जॉर्जनाही तो तारा मिळाला होता, हे खरं.

१९३६ साली ती फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात लागली. सुरुवातीचं काम काय? यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणं. टेबलावरचं काम. पण ज्या बाईनं चौदाव्या वर्षापासून इंजिनं उघडली आहेत, ती टेबलावर किती दिवस बसणार? थोड्याच काळात ती कार्ब्युरेटरच्या विभागात पोचली.

आकाशपाळणा, पाण्याची टाकी आणि एक चकती

आता १९४०. दुसरं महायुद्ध. इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानांशी लढाई चाललेली. इंग्रजांकडे स्पिटफायर आणि हरिकेन ही विमानं. दोन्हींत रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन, बारा सिलिंडरचं. उत्तम इंजिन, पण त्याला एक खोड होती. जर्मन मेसरश्मिटच्या मागे लागलं, आणि जर्मन वैमानिकानं नाक खाली करून एकदम सूर मारला, की इंग्रज वैमानिकानंही तसंच करायचं. आणि नेमकं त्याच क्षणी मर्लिन आचका द्यायचं, मग काळा धूर सोडून गुदमरायचं. शत्रू निसटायचा. आणि उलटं असेल, म्हणजे शत्रू मागे असेल, तर? मग त्या काही सेकंदांत जीवच जायचा. विशी-बाविशीतली पोरं होती ती.

हे का व्हायचं? आता आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे या. टाकीत एक चेंडू असतो, बॉल कॉक म्हणतो आपण. पाणी भरलं की चेंडू वर येतो, नळ बंद होतो. पाणी उतरलं की चेंडू खाली येतो, नळ उघडतो. कार्ब्युरेटरमध्ये अगदी हेच असतं. पेट्रोलची एक छोटी टाकी, तिच्यात तरंगता फ्लोट, आणि त्याला जोडलेला व्हॉल्व्ह.

आता जत्रेतला आकाशपाळणा आठवा. वरून एकदम खाली येताना पोटात गोळा येतो, आतडी वर आल्यासारखी वाटतात. विमान एकदम नाक खाली करतं तेव्हा हेच होतं, पण कितीतरी जोरात. त्या छोट्या टाकीतलं पेट्रोल तळ सोडून छताला जातं. इंजिनाकडे जाणारी वाट पेट्रोलवाचून क्षणभर कोरडी पडते, हा पहिला आचका. पाठोपाठ फ्लोट भलत्या बाजूला ढकलला जातो आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा पडतो. तुमच्या टाकीतला चेंडू कुणीतरी हातानं खाली दाबून धरलाय असं समजा. मागून पंप जोरानं पेट्रोल ढकलतोय, कार्ब्युरेटर तुडुंब भरतो, मिश्रणात पेट्रोलच पेट्रोल. काळा धूर, आणि इंजिन बंद. जर्मन इंजिनात फ्लोटच नव्हता. तिथं पेट्रोल दाबानं थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं, म्हणून ते सुटायचे.

आणि आता माझी चेतक! तिरकी केली की कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी कलते, थोडं जादा पेट्रोल इंजिनाच्या वाटेला जातं. गारठलेल्या इंजिनाला सुरू व्हायला तेवढं जादाच हवं असतं. बाबा दारात रोज सकाळी जे मुद्दाम करत होते, तेच हजारो फूट उंचीवर नको असताना होत होतं. कार्ब्युरेटर तिरका झाला की पेट्रोल आपली जागा सोडतं. एवढंच उत्तर होतं. आठ वर्षांच्या मुलीला समजलं असतं.

नवा कार्ब्युरेटर बनवायला वेळ लागणार होता, आणि लढाई थांबणार नव्हती. बिअट्रिसनं वेगळा विचार केला. इंजिन पूर्ण ताकदीनं चालतं तेव्हा त्याला जास्तीत जास्त किती पेट्रोल लागतं? तेवढंच जाईल इतकं भोक असलेली धातूची एक छोटी वस्तू पेट्रोलच्या नळीत बसवायची. पुढे तर तिचं रूप साध्या वॉशरसारख्या चकतीचं झालं. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा पडला तरी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल येणारच नाही. पूर येणार नाही, इंजिन गुदमरणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विमान कारखान्यात परत न नेता ही चकती विमानतळावरच बसवता येणार होती.

१९४१ च्या सुरुवातीला बिअट्रिस आणि तिची छोटी तुकडी विमानतळामागून विमानतळ करत या चकत्या बसवत फिरली. मार्चपर्यंत लढाऊ विमानदलात ती सर्वत्र बसली होती. सैनिकांनी तिला बाईंच्या नावावरून एक चावट टोपणनाव दिलं, "मिस शिलिंगचं भोक" अशा अर्थाचं. त्यात कौतुक होतं आणि टवाळीही. बाईच्या कामाला शाबासकीसुद्धा अशी मिळते.

इथं इतिहासाच्या विद्यार्थ्यानं थोडं थांबायला हवं. व्हॉट्सअॅपवर हीच गोष्ट "एका बाईच्या चकतीनं ब्रिटनची लढाई जिंकली" अशी फिरते. तसं झालेलं नाही. ती लढाई १९४० च्या उन्हाळ्यात आणि शरदात झाली, चकत्या बसल्या त्यानंतर. शिवाय चकतीनं दुसरा, धोक्याचा आचका थांबवला. विमान बराच वेळ उलटं उडवायची सोय त्यानं झाली नाही. त्यासाठी पुढे नव्या धर्तीचे कार्ब्युरेटर आले. पण यामुळे गोष्ट लहान होते का? मला नाही वाटत. त्यानंतरच्या काळात ज्या वैमानिकाचं इंजिन ऐन वेळी बंद पडलं नाही, त्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. बाईंच्या कर्तृत्वाला फुगवून सांगायची गरज नसते. जेवढं आहे तेवढं नीट सांगितलं तरी पुरतं.

१९६९ पर्यंत त्या फार्नबरोला काम करत राहिल्या. युद्धानंतर नवऱ्याबरोबर मोटारींच्या शर्यतीत उतरल्या, गाड्या स्वतः दुरुस्त करून. १९९० साली त्या गेल्या.

आता आपला प्रश्न. यांना दार कुणी उघडलं? दुसऱ्या एका बाईनं. पार्ट्रिजबाईंनी खेड्यातल्या वायरिंगच्या कामावर एक मुलगी उमेदवार म्हणून घेतली नसती, तर ती चकती कुणा दुसऱ्याला सुचलीही असती कदाचित. पण केव्हा सुचली असती, आणि तोवर किती पोरं गेली असती, याचा हिशेब कोण देणार?

आणि आपल्याकडे?

तुम्ही म्हणाल, हे सगळं साहेबाच्या देशातलं. आपल्याकडे काय? १९४३ साली मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजातून ए. ललिता, पी. के. थ्रेशिया आणि लीलम्मा जॉर्ज या पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्या कॉलेजच्या पहिल्या स्त्री इंजिनिअर.

आणि पुण्याची गोष्ट १९७४ ची. टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, एक जाहिरात आली. खाली ओळ होती की स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये. बंगळुरूला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीनं थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिलं. तिला मुलाखतीला बोलावलं गेलं आणि नोकरी मिळाली. त्याच पुढे सुधा मूर्ती. ही गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. मला त्यात सगळ्यात बोलकं वाटतं ते पोस्टकार्ड. किती पैशांचं असेल ते? बंद दारावर टकटक करायला तेवढं पुरलं. पण लक्षात घ्या, १९१४ मध्ये "व्यक्ती म्हणजे पुरुष" होतं, आणि साठ वर्षांनी पुण्यातही तेच वाक्य जाहिरातीच्या तळाशी छापलेलं होतं.

आज आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला मुलींना प्रवेश आहे. कागदावर दार उघडं आहे. पण घरात? गाडीचं बॉनेट उघडलं की आजही वडील हाक कुणाला मारतात?

कुणी म्हणेल, आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, ना पिस्टन, ना कार्ब्युरेटर, हे शिकून काय करायचं? बरोबर आहे, कार्ब्युरेटर तर नव्या गाड्यांतून गेलाच. पण बिअट्रिस मूळची विजेच्या कामावरची मुलगी होती, हे विसरू नका. मोटर, बॅटरी, वायरिंग, उद्या आणखी काही. यंत्र बदलतं, "हे का चालतं?" हा प्रश्न बदलत नाही.

शेवटी एवढंच. अंधारात गाडी बंद पडली की कुणीतरी टॉर्च धरायला लागतं. आमच्या घरी ते काम माझं असायचं. "नीट धर गं, हलवू नकोस." मी नीट धरायचे. आणि गंमत म्हणजे, टॉर्च धरणाऱ्यालाच सगळं स्पष्ट दिसतं. तेव्हा पुढच्या वेळी घरी गाडी बंद पडली, तर टॉर्च तुम्ही धरा आणि पाना मुलीच्या हातात द्या. तिनं "का?" विचारलं आणि तुम्हाला उत्तर येत नसेल, तर "सगळे तसंच करतात" म्हणू नका. "चल, उघडून बघू," म्हणा.